सलीमभाईंची रविवारची लाल

सलीमभाई,

तीन रविवार ओस गेल्यावर परवाच्या रविवारी अकरा वाजता 'रेघोट्या' ग्रुपवर चित्रांची सात पानं आली. वेळेवर, नेहमीसारखी. लाल रेघ कुणीच मारली नाही. साडेअकराच्या सुमारास प्रशांतने लिहिलं, 'आज लाल नाही का?' मग त्याचं त्यालाच उमगलं असावं, कारण लगेच पुसून टाकलं. पण पुसल्याची खूण राहतेच. ती खूण बघत आम्ही सगळे आपापल्या घरी मोबाइल धरून बसलो होतो.

तुम्हाला जाऊन चोवीस दिवस झाले. हे लिहायला बसले ती शाहीनभाभींमुळे. त्या म्हणाल्या, "दर रविवारी अकराला मी खाली दुकानात यांच्या टेबलावर चहा ठेवायचे आणि मुकाट्यानं वर निघून यायचे. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढा एकच तास मला बोलायची बंदी. ते काय चालायचं, ते मला कुणीतरी लिहून द्या." तेव्हा तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टी इथे पुन्हा येतील, रागावू नका. तुम्हाला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. ते अजून हातातून उतरत नाहीये, म्हणून आधी सोप्याने सुरुवात करते.

आपली ओळख झाली ती एका इंग्रजी साइटवर. जगभरातले शिकाऊ लोक तिथे आपापली चित्रं टाकतात आणि एकमेकांना धीर देतात. मी तेव्हा चाकणच्या कंपनीत क्वालिटीला नवीन लागले होते. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर हिरवा ट्रे, नाही बसला तर लाल ट्रे, असं आठ तास. जाता-येता कंपनीच्या बसमध्ये मोबाइलवर बोटानेच कॉमिकच्या चौकटी काढायचे. एकदा शेजारच्या सीटवर झोपलेल्या बाईचं चित्र काढलं आणि धीर करून त्या साइटवर टाकलं. लाइकचे चौदा बदाम आले. कुणी ब्राझीलहून 'फारच सुंदर' म्हटलं, कुणी आणखी कुठून 'अशीच काढत राहा'. आणि त्या सगळ्यांच्या खाली देवनागरीत एक ओळ: 'ताई, बाईचा खांदा कानाला चिकटलाय. झोपलेल्या माणसाचा खांदा खाली सुटतो. राग येणार नसेल तर दाखवू का?'

राग आलाच. माझ्या चौदा बदामांवर पाणी ओतणारा हा कोण, असं वाटलं. तरी लिहिलं, 'दाखवा.' दहा मिनिटांत माझंच चित्र परत आलं, फिकं केलेलं, आणि त्याच्यावर एक लाल रेघ. मानेपासून खांद्यापर्यंत, एकच. तेवढ्या एका रेघेने माझी बाई झोपली. तोवर ती नुसती डोळे मिटून बसली होती. मी विचारलं, 'तुम्ही कुठले?' तुम्ही लिहिलंत, 'काळेवाडी.' मी बसमध्ये एकटीच हसले. अख्खं जग पालथं घालून मला माणूस भेटला तो माझ्या खोलीपासून तासाभरावरचा.

मला वाटलं होतं, कॉलेजातलं कुणी असेल. पुढे पिंपरी कॅम्पात सेकंडहँड पेन टॅब्लेट घ्यायला तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा समोर पांढऱ्या दाढीचा, चष्म्याला दोरी बांधलेला माणूस उभा. तुम्ही म्हणालात, "काय, म्हातारा निघाला ना?" मी म्हणाले, "नाही नाही, तसं काही नाही." तुम्ही म्हणालात, "खोटं बोलताना तू खाली बघतेस. चित्रात कामाला येईल, लक्षात ठेव." दुकानदाराने तीन टॅब्लेट पुढे ठेवले. तुम्ही प्रत्येकावर एकच अक्षर काढून पाहिलंत, ळ. उभा जन्म रेडियमच्या दुकानात टेम्पोच्या काचांवरची नावं कापण्यात गेला, त्यामुळे तुमचा भरवसा फक्त त्या एका अक्षरावर. "दोन्ही गाठी सारख्या यायला पाहिजेत आणि मधे पेन अडखळायला नको. ळ निघाला की सगळं निघतं." तिसऱ्यावर निघाला. दुकानदार आपल्याकडे वेड्यासारखा बघत होता. तो टॅब्लेट आत्ताही माझ्यासमोर आहे, कोपऱ्यात तुम्ही कापून चिकटवलेलं माझं नाव आहे, लाल रेडियममध्ये, 'वैशाली'.

इंग्रजी व्हिडिओंशी माझं कधी जमलं नाही. ते लोक भराभर बोलायचे आणि माझ्या हाती 'अँड' नि 'बट' तेवढे लागायचे. तुमचंही इंग्रजी फार नव्हतं. पण तुम्ही तोच व्हिडिओ निम्म्या वेगाने चार-चार वेळा बघायचात आणि मग ग्रुपवर व्हॉइस नोट टाकायचात, मागे कटिंग मशीनची घरघर. "ऐका रे. हा गोरा म्हणतोय ते असंय. ग्रेड सेपरेटरमध्ये गाडी उतरली की दोन्ही बाजूच्या भिंती लांब जाऊन एकमेकींना चिकटतात ना? चिकटतात तिथं एक टिंब द्या. आता तुमच्या चित्रातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक पत्रा त्या टिंबाला विचारून काढायचा." त्याला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात हे मला खूप नंतर कळलं. माझ्यासाठी ते अजूनही सलीमभाईंचं टिंबच आहे. त्या सगळ्या नोट्स फोनमध्ये आहेत. एखादी लावते, मशीनची घरघर सुरू होते, आणि तुमचा आवाज यायच्या आत मी बंद करते.

मग तुम्ही 'शिदोरी' नावाचा फोल्डर केलात. फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, ब्रश, आणि तुम्ही हाताने काढलेली सगळी बाराखडी, कारण त्या प्रोग्रॅममध्ये संवादाच्या फुग्यात मराठी टाइप केलं की वेलांट्या भलतीकडे पळायच्या आणि आपली पात्रं बोबडं बोलायची. त्यातच एक आतला फोल्डर होता, 'हात'. नेटवर हातांचे फोटो लागतील तितके मिळतात, पण तुम्हाला ते पसंत नव्हते. "हे सगळे हात धुऊन बसलेत. यातल्या एकानं तरी कधी पाना फिरवलाय का?" आम्हाला सगळ्यांना आपापल्या घरचे हात टाकायला लावलेत. स्टिअरिंगवरचे, शिलाई मशीनवरचे, भाकरी थापणारे, बसच्या दांडीला लोंबकळणारे, माझा गेज धरलेला. हात चुकला की माणूस चुकतो, हे तुम्ही इतक्यांदा म्हणालात की आमची आईसुद्धा शेंगा सोलताना हात पदराखाली घ्यायला लागली. "नगं बाई, तुजं ते भाई फोटू मागत्याल."

आता रविवारचे नियम, भाभींसाठी. अकरा वाजता ज्याने त्याने आठवड्याचं एक पान टाकायचं. चित्रावर पातळ कागद ठेवावा तसा वरून एक कोरा लेयर घ्यायचा आणि दुसऱ्याने त्यावर लाल रेघेने चूक दाखवायची. तो दुसरा म्हणजे बहुतेक वेळा तुम्हीच. 'मस्त', 'छान', 'भारी' या तीन शब्दांना ग्रुपवर बंदी. ते ऐकायचे असतील तर पान पाहुण्यांना दाखवा, असं तुम्ही म्हणायचात. आणि ज्याच्या पानावर लाल पडली त्याने वाद घालायचा नाही, कारणं द्यायची नाहीत, एकच शब्द लिहायचा: 'पोचली'. पटली नसली तरी पोचली.

मला सुरुवातीला हा निव्वळ हुकूमशाही कारभार वाटायचा. एकदा तुम्ही माझ्या पानातल्या रिक्षावर लाल मारलीत, तेव्हा मी ती रिक्षा तशीच का बरोबर आहे यावर लांबलचक खुलासा लिहिला होता. तुम्ही उत्तर दिलंत, 'वैशाली, पार्ट लाल ट्रेत टाकल्यावर तो तुझ्याशी भांडतो का?' मी मुकाट्याने 'पोचली' लिहिलं. नंतर सवय झाली. नंतर तर असं झालं की एखाद्या रविवारी तुम्ही माझ्यावर लाल मारली नाहीत तर दिवसभर चुकल्यासारखं वाटायचं.

आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय, प्रशांतवरून. प्रशांत म्हणजे आपला फोर्कलिफ्टवाला. एका रविवारी त्याने एआयकडून काढून घेतलेलं पान स्वतःचं म्हणून टाकलं. चकचकीत, सिनेमाच्या पोस्टरसारखं. मी क्वालिटीवाली, मला दोन मिनिटांत कळलं. तुम्हाला फोन करून म्हणाले, काढून टाका त्याला. तुम्ही म्हणालात, "मी आपली लाल मारतो. पोचली म्हणायला कोण येतं, ते बघू." त्या पानावर तुम्ही अकरा ठिकाणी लाल मारलीत. प्रशांत दोन रविवार गायब. तिसऱ्या रविवारी त्याने फोर्कलिफ्ट टाकली, हाताने काढलेली, इतकी वाकडी की दसऱ्याला तिच्या चाकाखाली कुणी लिंबूही ठेवला नसता, आणि खाली लिहिलं, 'मागची पोचली.' तुम्ही खूश. मी नाही. मी म्हणाले, त्याने आधी माफी मागायला हवी होती. तुम्ही म्हणालात, "मागितली की." मी म्हणाले, यावर नंतर बोलू. माझं मत अजून तेच आहे, सलीमभाई, फक्त ते आता कुणाला सांगू ते कळत नाही.

बसमध्ये अजून झोपलेल्या माणसांचे खांदे बघते. परवा एक सिक्युरिटीवाला असा काही झोपला होता की त्याची टोपी खांद्यावर आणि खांदा खिडकीवर. मी फोन काढला, तुमचं नाव उघडलं, आणि मग आठवलं. असं दिवसातून एकदा तरी होतं.

बरं, आता ते.

सगळ्यांच्या पानांवर लाल मारणारा माणूस स्वतः कधी पान टाकायचा नाही. आम्ही चिडवायचो, तुम्ही दाढी खाजवून हसायचात. आणि मग चार-पाच महिन्यांपूर्वी एका दुपारी तुम्ही टाकलंत. ग्रुपवर नाही, फक्त मला. कॉमिकचं पहिलं पान, त्यात एकच मोठी चौकट. कंपनीच्या कँटीनमध्ये जमिनीवर बसलेली बाई, पुढ्यात भलीमोठी परात, उजवा हात मनगटापर्यंत कणकेत, डाव्याने परातीची कड धरलेली. खाली व्हॉइस नोट: "माझी आई आहे. इथं पिंपरीत कँटीनला होती. असा फोटो नाही तिचा, आठवून काढलंय. तू पार्ट तपासतेस ना, तसं तपास. मग ग्रुपवर टाकीन."

मला चूक लगेच दिसली. डावा अंगठा. परात धरली की चार बोटं बाहेरून लागतात आणि अंगठा आत येतो, कुणाच्याही घरात बघा. तुमच्या चित्रात चार बोटं परातीच्या आत वळलेली आणि अंगठा बाहेर, ताठ, हवेत. बाकी पान इतकं जिवंत होतं की पिठाचा वास यावा, त्यामुळे तो अंगठा आणखीच खुपत होता. कंपनीत असा पार्ट मी दुसऱ्यांदा बघितलाही नसता.

मी पेन उचललं, लाल रंग घेतला आणि थांबले. पन्नाशी उलटलेल्या माणसाने आठवून आठवून आईचा हात काढलाय, आणि मी त्याला सांगू की तुमच्या आईचा हात चुकलाय? माझ्याने होईना. मी लिहिलं, 'मस्त आहे, भाई. काहीच काढण्यासारखं नाही.' बंदी घातलेला शब्द, आणि तोही तुम्हालाच.

तुम्ही लगेच फोन केलात.

"नीट बघितलंस?"

"हो."

"हात बघितले?"

"बघितले."

"दोन्ही?"

"दोन्ही, भाई."

मी खाली बघत होते ते फोनवर तुम्हाला दिसणार नव्हतं. तुम्ही म्हणालात, "बरं." मागे मशीन सुरू झालं आणि तुम्ही फोन ठेवलात.

दुसरं पान आलं नाही. रविवारी तुम्ही नेहमीसारखे यायचात, सगळ्यांवर लाल मारायचात, माझ्यावर जरा जास्तच. त्या पानाचं नाव तुम्ही काढलं नाहीत आणि मीही नाही. तीनदा लिहिलं, 'भाई, त्या पानातला डावा अंगठा पुन्हा एकदा बघा,' आणि तीनदा पुसलं. म्हटलं, असं लिहून नको, तोंडावर सांगू. संत तुकाराम नगरला मावशीकडे जायचंच आहे, तिथून काळेवाडी कितीशी लांब, असं म्हणत दोन सुट्ट्या घालवल्या. माझी खात्रीच झाली होती की माझ्या त्या एका शब्दाने तुमचं कॉमिक बंद पाडलं. इतरांना खरं ऐकवणाऱ्या माणसाला एकदाच खरं ऐकायचं होतं, आणि मी त्याला पाहुण्यासारखं वागवलं.

तुमची बातमी आली तेव्हा मी फर्स्ट शिफ्टला होते, मोबाइल लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत बघितलं तर ग्रुपवर तुमच्या नंबरवरून दोन ओळी, तुमच्या पुतण्याने लिहिलेल्या. मी सुपरवायझरकडे हाफ डे मागायला गेले. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"कोण गेलं, मॅडम?"

"सलीमभाई."

"रिलेशन काय लिहू?"

गाववाले नाहीत, कंपनीतले नाहीत, शेजारी नाहीत, चार वेळा भेटलेले. "ऑनलाइनवरची ओळख," असं काहीतरी म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता 'काका' लिहून सही केली. चांगला माणूस आहे. पण मला ते 'काका' टोचलं, कारण तुम्ही काका नव्हतात, आणि जे होतात त्याला मलाही अजून शब्द सापडलेला नाही. बस बदलत बदलत मी काळेवाडीत आले तोवर तुम्हाला नेलं होतं. मी बायकांमध्ये जाऊन बसले. कुणीतरी विचारलं, कोण ही? भाभींनी कधी बघितलं नव्हतं मला, तरी म्हणाल्या, "यांची रविवारची असेल."

ग्रुपवर कुणी लाल मारली नाही त्याच रविवारी दुपारी मी पुन्हा भाभींकडे गेले. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत आहेत त्या, वरच्या खोलीतून बाहेर पडत नाहीत. मला जवळ बसवून घेतलं, हे सगळं लिहून द्यायला सांगितलं, आणि उशीखालून दुकानाची किल्ली काढली. "दोन टेम्पोवाले येऊन गेले, बेटा. त्यांची नावं कापायची राहिलीत म्हणतात. मला त्या कॉम्प्युटरातलं काय समजतंय? जरा बघ, तुला दिसतंय का."

मी खाली येऊन शटर वर केलं. खुर्चीवर तुमची उशी होती, कीबोर्डवर दोरीचा चष्मा. तो उचलून कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मांडीवर घेतला. टेम्पोवाल्यांच्या फायली लगेच सापडल्या. मशीन लावलं. 'काळूबाई प्रसन्न' मधला ळ एका झटक्यात सुटून आला, दोन्ही गाठी सारख्या. आणि त्या फायलींच्या शेजारीच एक फोल्डर होता, 'अम्मी'.

आत बावीस पानं होती. मी बंद पाडलेलं कॉमिक बावीस पानांचं होतं, सलीमभाई. तुम्ही थांबलाच नव्हतात. पहिलं पान उघडलं. बाजूला लेयरची यादी: रेषा, रंग, अक्षरं. आणि सगळ्यात वर एक रिकामा लेयर, त्याचं नाव 'वैशाली'. दुसरं पान उघडलं, त्यावरही 'वैशाली'. सातव्यावर, पंधराव्यावर, बाविसाव्यावर. प्रत्येक पानावर तुम्ही माझ्यासाठी कोरा कागद ठेवून दिला होता.

सहाव्या पानावर एक छोटं वर्कशॉप आहे आणि बाई पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर बसलीय. पुढची चौकट नुसती काळी. त्याच्या पुढच्यात ती घरात बसलीय, पट्टी बांधलेला डावा हात मांडीवर. फुग्यात तुमच्या हातची अक्षरं: 'अंगठा आहे, पण वळत नाही. कँटीनमध्ये घेतात का विचारते.' तिथून पुढे प्रत्येक पानावर तो अंगठा तसाच. कप धरताना ताठ, कपडे पिळताना ताठ, दुवा मागायला हात उचललेत तेव्हाही ताठ. वळत नाही म्हणून तिने परात धरायची रीतच बदलली होती, चार बोटं आत आणि अंगठा बाहेर. पहिल्या पानावर होता तो हाच हात.

मी तुमच्या खुर्चीत बसून रडले. चूक नव्हतीच. तुम्ही मला बघायला दिलं होतं आणि मला दिसलंही होतं. मी फक्त म्हणाले असते, भाई, अंगठा चुकलाय, तर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडून म्हणाला असता, "नाही गं, ऐक." मग तुमच्या तोंडून मला तुमच्या अम्मीची गोष्ट ऐकायला मिळाली असती. 'दोन्ही?' असं तुम्ही विचारलंत ते त्यासाठी. तुम्ही वाट बघत होतात की कुणीतरी विचारावं, आणि मी तुमचा मान राखून गप्प बसले. मला स्वतःचा राग येतो, सलीमभाई. थोडा तुमचाही येतो. ळ वर तासतासभर बोललात, हे सांगायला काय झालं होतं? आता हा प्रश्नही मला त्या 'नंतर बोलू'च्या शेजारीच ठेवावा लागणार.

वर जाऊन भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "सासूबाईंचा अंगठा? हो, वळायचा नाही. त्यांची चपाती कधी गोल झाली नाही, एका बाजूनं जाड राहायची. हे तेवढाच जाड तुकडा मागून खायचे." मग म्हणाल्या, "आईचं नाव यांनी दहा वर्षांत काढलं नव्हतं. आणि खाली बसून हे करत होते?" मी मोबाइलवर त्यांना सगळी पानं दाखवली. त्यांनी एकेका पानावर बोट ठेवत सावकाश बघितली. पानं ग्रुपवर टाकू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "टाक. पण यांनी तुझ्यासाठी ठेवलंय ते काम आधी कर."

म्हणून परत खाली आले आणि पानं एकेक करून घेतली. भाई, तुमची पानं चुकलीत. चौथ्यावरचा दरवाजा टिंबाला न विचारता काढलाय. नवव्यावर अम्मीची मान खांबासारखी ताठ झालीय, तेही आमच्या मानांवर लाल मारणाऱ्या तुमच्याकडून. अकराव्यावर कँटीनच्या बाकांना तीनच पाय आहेत. चौदाव्यावर फुग्याची शेपटी भलत्याच माणसाच्या तोंडाला लावलीत, त्यामुळे अम्मीचं बोलणं मुकादम बोलतोय. मी सगळीकडे लाल मारली, माझ्या नावाच्या लेयरवर, हात न चोरता. एकवीस पानं झाली. 'मस्त' कुठेही लिहिलं नाही, दोन-तीन ठिकाणी फार वाटलं तरी.

पहिलं पान शेवटी ठेवलं होतं. लाल पेन त्या अंगठ्यापाशी नेलं. तिथे मारण्यासारखं काही नव्हतं. परातीच्या बाहेर, त्या ताठ अंगठ्याच्या शेजारी, तुम्ही थोडी मोकळी जागा सोडलीय. तिथे मी तुमच्या वळणाने, तुमच्या बाराखडीतली अक्षरं बघून, एकच शब्द लिहिला:

पोचली.